माळ्यावरची पलटण पुन्हा मैदानात : असईच्या लढाईसाठी छोटे सैन्य कसे उभारावे

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला रचणे, त्यावर अळीव पेरणे आणि कुंभारवाड्यातून आणलेली मावळ्यांची चित्रे बुरुजाबुरुजांवर मांडणे, हा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा लष्करी इतिहासाशी झालेला पहिला परिचय आहे. ती चित्रे मांडली जात, पण लढवली जात नसत. रंगवलेले छोटे सैनिक, मोजपट्टी, फासे आणि नियमांची वही यांच्या साह्याने एखादी खरी लढाई टेबलावर पुन्हा लढून पाहण्याचा छंद, म्हणजे ऐतिहासिक वॉरगेमिंग, हा त्याच्या पुढचा टप्पा म्हणता येईल. हा छंद आपल्याकडे फार पसरलेला नसला, तरी शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने परदेशी राहिलेल्या अनेकांना तो लागलेला असतो, आणि संसार, बदल्या व लहान घरे यांपायी तो तितक्याच सहजपणे सुटलेलाही असतो. पंधरावीस वर्षांनी त्याकडे पुन्हा वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सतरा वर्षांच्या खंडानंतर मी माळ्यावरची खोकी खाली काढली, तेव्हा त्यांत दोनशेहून अधिक सैनिक निघाले. रोमन होते, नेपोलियनकालीन फ्रेंच होते, दुसऱ्या महायुद्धातले काही होते आणि एक अर्धवट रंगवलेला हत्तीही होता. परंतु समोरासमोर उभ्या करता येतील अशा दोन फौजा त्यांत नव्हत्या. उत्साहाच्या भरात जे जे आवडले ते ते घेतले गेले होते आणि काहीच पुरे झाले नव्हते. परतणाऱ्या खेळाडूने ही चूक दुसऱ्यांदा करू नये, एवढ्यासाठी माझा आग्रह असा आहे की सैन्य निवडू नये, लढाई निवडावी; आणि त्या लढाईच्या दोन्ही बाजू आपणच उभाराव्यात. ज्या शहरात प्रतिस्पर्धी शोधूनही सापडत नाही, तिथे पाहुण्याला निम्मे सैन्य हाती देऊन खेळायला बसवता आले, तरच खेळ होतो.

आधी लढाई

उदाहरणासाठी मी २३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई घेतो. जालना जिल्ह्यातले असई हे गाव आणि भोकरदनच्या परिसरातून वाहणाऱ्या केळणा व जुई या नद्या आजही जाऊन पाहता येतात, आणि नकाशा हातात घेऊन शिवारात दोन तास फिरले की टेबल कसे मांडावे याचा निम्मा प्रश्न सुटतो. दुसरे कारण असे की या लढाईत मराठ्यांच्या बाजूचा भार घोडदळाने नव्हे, तर कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने वाहिला. मराठी फौज म्हटले की भाला घेतलेला स्वारच डोळ्यांपुढे येतो. दौलतराव शिंद्यांचा कंपू, म्हणजे कवायती पलटणींचा समूह, टेबलावर उभा केला की ते चित्र बरेच बदलते.

टेबलाच्या दृष्टीने आवश्यक तेवढी हकीकत अशी. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले (दुसरे) यांची एकत्र फौज केळणेच्या उत्तरेला पसरलेली होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या थोडे वर होते, तोफा शंभराच्या आसपास होत्या, आणि त्याखेरीज बिनकवायती पायदळ व प्रचंड घोडदळ होते. कवायती पायदळाचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरकडच्या अधिकाऱ्याकडे होते. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी सालूरच्या हाताखाली आणि आणखी काही पलटणी दुपाँच्या हाताखाली होत्या. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्यापाशी ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंग्लंडच्या राजाचे मिळून सुमारे साडेचार हजार कवायती लोक होते. म्हैसूरचे व पेशव्यांचे मिळून पाचएक हजार स्वार बरोबर होते, पण ते नदीच्या दक्षिणेलाच राहिले. पिंपळगाव आणि वरूड ही गावे केळणेच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत, तेव्हा मध्ये नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने तिथून नदी ओलांडली आणि तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. त्यावर पोलमनने दक्षिणेकडे तोंड असलेली आपली संपूर्ण फळी काटकोनात वळवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. एक टोक केळणेवर आणि दुसरे जुईकाठच्या असई गावाशी, असा सुमारे एक मैलाचा मोर्चा तयार झाला. शत्रूसमोर इतके मोठे पायदळ असे वळवणे ही कवायतीची परीक्षाच असते, आणि ती या पलटणींनी पार पाडली.

पुढे दक्षिणेच्या टोकाला ७८व्या हायलँडर पलटणीने तोफांची रांग घेतली. उत्तरेला ऑरोकच्या हाताखालील पहाऱ्याच्या तुकड्या चुकून थेट असईच्या रोखाने गेल्या, त्यांच्यामागे ७४वी हायलँडर पलटण गेली, आणि गावातून व तोफांतून झालेल्या माऱ्याने तिची चाळण झाली. मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली म्हणून ती वाचली. दरम्यान मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज पुन्हा उठले आणि पुढे निघून गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर त्यांनी तोफा डागल्या. शेवटी मैदान वेलस्लीच्या हाती राहिले आणि ९८ तोफा पकडल्या गेल्या, परंतु त्याचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. हा आकडा लक्षात ठेवावा. नियम ठरवताना तो पुन्हा लागणार आहे.

कोणत्या आकाराचे सैनिक

या छंदात सैनिकाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. २८ मिलिमीटरचा सैनिक देखणा असतो, त्याच्या मिशीचा पीळ दाखवता येतो, आणि म्हणूनच परतणारा माणूस प्रथम त्याच्याकडेच ओढला जातो. परंतु एक मैलाचा मोर्चा २८ मिलिमीटरमध्ये मांडायचा तर दिवाणखान्यातले सगळे सामान बाहेर काढावे लागेल. ६ मिलिमीटरमध्ये लढाईचा विस्तार उत्तम दिसतो. मात्र चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते रंगवणे सुखाचे नसते. १/७२ प्रमाणातले प्लास्टिकचे सैनिक सर्वांत स्वस्त पडतात, आणि लहानपणी ज्यांनी असे खोके विकत घेतले होते त्यांना ते पुन्हा हाताळताना आनंदही होतो. परंतु त्यांचे प्लास्टिक मऊ असल्याने भाले आणि संगिनी यांवरचा रंग सुटतो. या सर्वांचा विचार करून मी १५ मिलिमीटर निवडले. जेवणाच्या टेबलावर लढाई मावते आणि लाल डगल्यावरचा पांढरा पट्टाही ओळखू येतो.

आकार एकदा ठरला की तो बदलू नये. दुकानात दुसऱ्या आकाराचा सुंदर स्वार दिसला तरी हात आवरावा.

हिशोब

खरेदीपूर्वी कागदावर हिशोब मांडणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगाचा तास असतो. प्रत्यक्षातल्या पाचशे लोकांच्या पलटणीसाठी बारा सैनिक धरावेत, म्हणजे एक छोटा सैनिक साधारण चाळीस माणसांच्या बदली उभा राहतो. चार सैनिक ज्या तळपट्टीवर चिकटवायचे तो एक पाट, आणि असे तीन पाट मिळून एक पलटण होते. पाटाची रुंदी चार सेंटिमीटर ठेवली, तर पलटणीचा दर्शनी भाग बारा सेंटिमीटर होतो. दोन ओळींत उभ्या असलेल्या पाचशे लोकांची फळी मैदानावर साधारण १४० मीटर भरते, म्हणून टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे बारा मीटर. या मापाने एक मैल १३५ सेंटिमीटरच्या आत बसतो, आणि सहा फुटांच्या टेबलावर दोन्ही नद्यांसह संपूर्ण मोर्चा मांडता येतो. याच मापातून पल्लेही निघतात. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर मीटरच्या आत धरला तर तो आठ सेंटिमीटर होतो. तोफेच्या छर्ऱ्यांचा पल्ला तीस सेंटिमीटर आणि गोळ्याचा ऐंशी सेंटिमीटर धरावा.

आता हेच प्रमाण सर्वत्र लावून पाहू. वेलस्लीच्या सात पलटणी, पहाऱ्याची अर्धी पलटण आणि प्रत्येकी सहा स्वारांच्या चार घोडदळ तुकड्या यांचे एकशे चौदा सैनिक होतात, आणि ते जमण्यासारखे आहे. मराठी कवायती पायदळाचे सुमारे दोनशे सत्तर होतात. तेही एका वर्षात होतील. परंतु तीस हजार घोडदळाला तेच प्रमाण लावले तर साडेसातशे स्वार रंगवावे लागतील, आणि लढाईत त्यांनी जे केले ते पाहता या श्रमांना काही अर्थ उरणार नाही. म्हणून प्रमाण पाळायचे ते लढलेल्या सैन्यापुरतेच. घोडदळ मैदानात आहे, त्याचा धाक आहे, एवढे दाखवायला चोवीस स्वार पुरेत. तोफांच्या बाबतीत दहा खऱ्या तोफांसाठी टेबलावर एक तोफ, म्हणजे एकूण दहा तोफा धराव्यात.

तरीही पूर्ण लढाई हे पहिले उद्दिष्ट असू नये. पहिल्या खेपेस केवळ दक्षिणेचे टोक घ्यावे. एका बाजूला ७८वी हायलँडर, मद्रासच्या दोन शिपाई पलटणी आणि सहा स्वारांची एक तुकडी. दुसऱ्या बाजूला पोलमनच्या चार पलटणी, प्रत्येकी चार गोलंदाजांच्या चार तोफा आणि बारा शिलेदार. पायदळाचे चौऱ्याऐंशी, गोलंदाज सोळा, स्वार अठरा आणि दोन्ही बाजूंचे मिळून चार सरदार, असे एकूण १२२ होतात. माझ्या हाताला पायदळाच्या एका सैनिकाला सरासरी वीस मिनिटे लागतात, स्वाराला चाळीस आणि सरदाराला एक तास. हे सगळे मिळून जवळजवळ पन्नास तास होतात. पाट सजवायला आणि तोफा रंगवायला आणखी दहा धरावेत. आठवड्याला चार तास मिळाले तर पंधरा आठवडे लागतात. जूनमध्ये आरंभ केला तर नवरात्राच्या सुमारास पहिला सामना खेळता येतो, आणि असईची तारीखही साधारण त्याच दिवसांत येते.

जुन्या खोक्यातले काय वापरावे

खोक्यातल्या जुन्या सैनिकांपैकी निवडलेल्या लढाईत न बसणारे सैनिक पुन्हा माळ्यावर ठेवून द्यावेत किंवा कोणाला तरी देऊन टाकावेत. जे बसतात, पण ज्यांचा रंग वाईट लागला आहे, ते सोलून पुन्हा रंगवता येतात. धातूच्या सैनिकांवरचा अॅक्रिलिक रंग काढण्यासाठी डेटॉल उत्तम काम करते. काचेच्या बरणीत पाणी न घालता डेटॉल ओतून त्यात सैनिक एक दिवस बुडवून ठेवावेत आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने घासावेत. घासताना पाणी मुळीच लावू नये, कारण सुटलेला रंग आणि पाणी यांचा चिकट लगदा होऊन तो पुन्हा सैनिकाला बसतो. प्रथम आणखी डेटॉलने धुवावे, मगच साबणाच्या पाण्याने. हातमोजे घालावेत आणि हे काम गॅलरीत करावे. वास दोन दिवस जात नाही, आणि घरच्यांची सहनशक्ती ही या छंदातली सर्वांत मौल्यवान सामग्री आहे.

फार जुन्या सैनिकांत शिसे असू शकते. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरली असेल तर ते फुंकू नयेत किंवा कोरडे घासू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. भुकटीने तपशील खाल्ला गेला असेल तर अशा सैनिकाचा मोह सोडलेला बरा.

शिंद्यांचा कंपू कोठून आणावा

नेपोलियनकालीन युरोपचे सैनिक तयार मिळतात. मराठी पलटणी मात्र सहजासहजी मिळत नाहीत. ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण कंपूची घडणच कंपनीच्या शिपाई पलटणींच्या धर्तीवर झालेली होती. तेलंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पायदळाचा लाल डगला आणि निळी पगडी असे वर्णन आढळते. त्यामुळे मद्रासच्या शिपायांचेच सैनिक दुप्पट संख्येने मागवावेत. निम्म्यांना आखूड जांघिया, उघडे पाय आणि कंपनीच्या धाटणीची पगडी ठेवावी. उरलेल्यांच्या डोक्यावर एम-सीलचा बारीक धागा गुंडाळून पगडीला मराठी घाट द्यावा आणि ती निळी रंगवावी. लाल रंग दोन्हीकडे असला तरी तेलंग्यांसाठी तो किंचित विटका, वीटकरी ठेवला, की तीन फुटांवरून बाजू ओळखू येते. दोन्ही बाजू इतक्या सारख्या दिसाव्यात हे काहींना खटकते, परंतु त्या दिवशी धुरात उभ्या असलेल्या माणसालाही असेच दिसले असणार.

शिलेदारांना गणवेश नव्हता, आणि तीच त्यांची गंमत आहे. मोगल, म्हैसूरचे किंवा १८५७च्या काळातले बिनकवायती स्वार घेऊन त्यांची डोकी बदलली आणि प्रत्येकाचा अंगरखा वेगळ्या रंगात रंगवला की काम भागते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन ढाली, तलवारी आणि जिरेटोप पाहून आल्यास रंग निवडताना हात अडखळत नाही. मूळ सैनिकाच्या हातातला भाला बहुधा जाड आणि ठिसूळ असतो. तो कापून टाकावा आणि कपडे धुण्याच्या ब्रशाचा जाड नायलॉनचा तंतू त्या जागी चिकटवावा. तो वाकतो, पण मोडत नाही.

त्रिमितीय छपाईचे यंत्र ज्यांच्यापाशी आहे किंवा शहरात छापून देणारा कोणी आहे, त्यांना हवे तसे सैनिक घरबसल्या मिळू शकतात. फक्त २८ मिलिमीटरसाठी केलेला आराखडा १५वर आणताना हात, बंदुका आणि लगाम फार बारीक होतात, म्हणून आधी एकच सैनिक छापून पाहावा. द्रव रेझिनला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि बंद खोलीत छपाई करू नये. परदेशातून मागवणाऱ्यांनी टपालखर्च आणि आयात शुल्क यांचा विचार आधीच करावा आणि हिशोबाच्या कागदावर जे आहे ते सगळे एकाच पार्सलमध्ये मागवावे.

निशाणांबद्दल एकच सूचना. ‘असई’ हे नाव आणि हत्तीचे चिन्ह ७४व्या व ७८व्या पलटणींना या लढाईबद्दल नंतर मिळाले. हत्तीचे निशाण दिसायला कितीही आकर्षक असले, तरी लढाईच्या दिवशी ते त्यांच्याजवळ नव्हते.

रंगकाम

एक सैनिक पूर्ण करून मग दुसरा घेणे ही नवशिक्याची पद्धत आहे, आणि तिच्यामुळेच खोकी अर्धवट राहतात. एका पलटणीचे बारा सैनिक आइस्क्रीमच्या काड्यांवर ओळीने चिकटवावेत आणि एक रंग बाराही जणांना लावल्याखेरीज दुसऱ्या रंगाची बाटली उघडू नये. प्रथम कातडी, मग डगला, मग पांढरे कापड, मग पट्टे, पगडी, बंदूक आणि शेवटी धातू. त्यानंतर पातळ तपकिरी रंगाचा एक हात सगळ्या सैनिकावरून द्यावा; तो खोबणींत साचतो आणि घड्या आपोआप उठून दिसतात. पुढे केवळ डगल्याच्या खांद्यांवर आणि पगडीच्या माथ्यावर मूळ रंग थोडा उजळ करून लावला की १५ मिलिमीटरच्या सैनिकाला याहून अधिक काही लागत नाही. डोळे रंगवू नयेत. डोळे रंगवलेला एवढा लहान सैनिक नेहमी घाबरलेला दिसतो.

७८व्या पलटणीची गळपट्टी आणि बाह्यांच्या पट्ट्या पिवळसर बदामी होत्या, ७४वीच्या पांढऱ्या. एवढ्या एका फरकाने या दोन पलटणी वेगळ्या काढता येतात. घोडे, पाट, तोफांचे गाडे आणि भूप्रदेश यांसाठी कॅमलचे साधे अॅक्रिलिक रंग चांगले चालतात. गणवेशाच्या लाल आणि पांढऱ्यासाठी मात्र मिनिएचरसाठी बनवलेले रंगच घ्यावेत, कारण साध्या रंगांचे दोन थर दिले तर बारीक खोदकाम बुजून जाते.

पावसाळ्याबद्दल सावध राहावे लागते. कोकणात, मुंबईत आणि पुण्यातही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फवाऱ्याचे वार्निश मारले तर सैनिकांवर पांढरट धुके धरते आणि आठवड्यांचे काम एका मिनिटात मातीमोल होते. त्या दिवसांत अस्तराचा रंग आणि वार्निश दोन्ही कुंचल्यानेच लावावीत. फवारा वापरायचाच असेल तर लख्ख उन्हाच्या दिवसाची वाट पाहावी. १/७२चे मऊ प्लास्टिक घेतलेल्यांनी रंगकामापूर्वी सैनिक भांडी घासण्याच्या साबणाने धुवावेत आणि रंग झाल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ थर द्यावा. तो लवचिक राहतो आणि रंगाला धरून ठेवतो.

पाट आणि मैदान

दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे चार बाय तीन सेंटिमीटरचे तुकडे लेझरने कापून देणारी दुकाने आता बहुतेक शहरांत आहेत. पाटाच्या खाली चुंबकाची पट्टी चिकटवली तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पलटण उभीच्या उभी ठेवता येते आणि प्रवासात संगिनी मोडत नाहीत. वरच्या बाजूला फेविकॉल लावून चाळलेली रेती पसरावी. जालन्याकडची जमीन काळी आहे, तेव्हा युरोपातल्या कुरणासारखा पोपटी पाट करू नये; काळपट तपकिरी रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखाडी हात आणि भाद्रपद-आश्विनातले विरळ हिरवे गवत एवढेच पुरे.

काथ्याचे जुने पायपुसणे कापून त्याची उभ्या पिकाची शेते उत्तम होतात. भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीचे तुकडे फाडून कुंपणाची झुडपे करता येतात. असईची मातीची भिंत थर्माकोलपेक्षा दाट फोमची करावी, कारण थर्माकोलचे मणी रंगातूनही दिसत राहतात. नद्यांसाठी वार्निश दिलेली पुठ्ठ्याची पट्टी पुरते. मात्र उताराची जागा ठळक दाखवावी, कारण सगळी लढाई तिथूनच सुरू होते.

नियम

बाजारात या काळासाठीच्या नियमांची पुस्तके भरपूर आहेत, आणि परतणाऱ्या खेळाडूला त्यांची संख्या पाहूनच धास्ती वाटते. निवडताना तीन प्रश्न विचारावेत. आपण टेबलावर कोणाच्या भूमिकेत आहोत, कॅप्टनच्या की जनरलच्या? सामना एका संध्याकाळी संपतो का? आणि प्रत्येक बाजूला सात-आठ तुकड्या असताना तो खेळता येतो का? असईसाठी भूमिका जनरलची हवी, म्हणजे एकेका सैनिकाचे नव्हे, तर पलटणीचे भवितव्य फाशांनी ठरवणारे नियम हवेत. कोणतेही साधे नियम घेतले तरी चालतील. त्यांत या लढाईपुरत्या तीन दुरुस्त्या कराव्यात, असे मी सुचवतो. आमच्या घरी त्या खेळून पाहिलेल्या आहेत.

पहिली दुरुस्ती गोलंदाजांची. इंग्रज पलटणीने तोफ जिंकली तर गोलंदाजांचा पाट टेबलावरून उचलू नये, तिथेच आडवा ठेवावा. जिंकणारी पलटण दहा सेंटिमीटरहून पुढे गेली की मराठी खेळाडूने प्रत्येक फेरीच्या शेवटी अशा प्रत्येक तोफेसाठी एक फासा टाकावा; पाच किंवा सहा पडले तर गोलंदाज उठतात आणि तोफ उलट दिशेला वळवून पाठमोऱ्या पलटणीवर छर्रे झाडतात. हे टाळण्यासाठी इंग्रज खेळाडूला तीनपैकी एक पाट तोफेपाशी मागे ठेवता येतो, परंतु मग पुढच्या फळीशी तो दोनच पाटांनी लढतो. हा एक नियम सामन्याला जी धार आणतो, ती इतर कशाने येत नाही.

दुसरी दुरुस्ती ऑरोकची, आणि ती पूर्ण लढाई किंवा उत्तरेचे टोक खेळतानाच लागते. पहाऱ्याच्या तुकड्या प्रत्येक फेरीत असई गावाकडे सरळ चालत राहतात. फेरीच्या आरंभी फाशावर पाच किंवा सहा पडले तरच इंग्रज खेळाडूला त्या वळवता येतात, आणि ७४वी पलटण त्यांच्यापासून वीस सेंटिमीटरहून दूर राहू शकत नाही. खेळाडू या नियमावर हमखास चिडतात. वेलस्लीही प्रसन्न झाला नसेल.

तिसरी दुरुस्ती सैन्य केव्हा मोडते याबद्दलची आहे. पुष्कळ नियमांत एक तृतीयांश सैन्य गमावले की बाजू हरल्याचे मानतात. साडेचार हजारांतले १,५८४ म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, तेव्हा त्या नियमाने वेलस्ली असईला हरलाच असता. म्हणून इंग्रज बाजूसाठी ही मर्यादा निम्म्या सैन्यापर्यंत वाढवावी. मराठी बाजूसाठी ती एक तृतीयांशच राहू द्यावी, कारण शिंदे आणि भोसले हे दोघेही मैदानात ठाम उभे राहिले नाहीत आणि वरून कोणी सावरणारे नसले की चांगल्या पलटणीही किती वेळ टिकणार? याच कारणाने शिलेदारांना हुकूम देताना चार किंवा त्याहून अधिक पडल्याखेरीज ते हलणार नाहीत असे धरावे.

पूर्ण लढाई मांडायची वेळ येईल तेव्हा आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. मराठी पलटणी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या कराव्यात, इंग्रज सैन्य उताराशी ठेवावे आणि मराठी खेळाडूला दर फेरीत तीनच पलटणी काटकोनात वळवू द्याव्यात. पोलमनने काय साधले होते, हे टेबलावर तेच करताना हाताला कळते.

पहिला सामना

पहिल्या सामन्यासाठी पाहुण्याला मराठी बाजू द्यावी, कारण तिला आरंभी फारसे हलावे लागत नाही आणि तोफा डागणे कोणालाही लगेच जमते. माझा भाचा प्रथम बसला तेव्हा त्याला नियमांतले काहीही माहीत नव्हते. पहिल्या चार फेऱ्या तो केवळ फासे टाकत होता. पाचव्या फेरीत त्याचे दोन आडवे गोलंदाज उठले आणि ७८वीच्या पाठीत छर्रे बसले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढून नियमांची वही मागून घेतली. प्रतिस्पर्धी न मिळाल्यास एकट्यानेही खेळता येते. इंग्रज बाजू आपण चालवावी आणि मराठी पलटणींनी जागा सोडावी की थांबावे हे फाशांवर सोपवावे. संरक्षणात उभी असलेली फळी फाशांनी बऱ्यापैकी चालते.

सामना चालू असताना वहीत दोन गोष्टी टिपाव्यात : कोणता नियम वारंवार उघडून पाहावा लागला, आणि कोणती तुकडी हाताशी नसल्याची उणीव भासली. पहिल्याचा सारांश एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या कडेला लावावा. दुसरी जे सांगेल, तेच पुढे रंगवायला घ्यावे. आमच्याकडे दोन सामन्यांनंतर उणीव भासली ती असईच्या भिंतीआड बसवायच्या बिनकवायती पायदळाची, आणि सध्या काड्यांवर तेच बारा जण अस्तराचा रंग वाळण्याची वाट पाहत उभे आहेत, त्यांच्यामागून ७४वी.